वाचकांचे प्रश्न : घरी शिवलेली ताडपत्री गळते कुठून?

पावसाळा जवळ आला की या पानावरचे ब्लाऊज-परकरचे प्रश्न कमी होतात आणि छत्री, रेनकोट, ताडपत्री सुरू होते. यंदा तर ट्रेकवाल्या पोरांचीच पत्रं जास्त, म्हणून हे पान त्यांनाच देऊन टाकलं. बाह्यांच्या मापावाल्या मैत्रिणींनी महिनाभर थांबावं, रागवू नये.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्र दर श्रावणात पाटणादेवीकडं जातो. विकतचा टार्प (ताडपत्री) महाग वाटला म्हणून छत्रीचं कापड आणून टेलरकडून १० बाय १० चा शिवून घेतला, मधे एक जोड आहे. गच्चीवर दोरीवर टाकून पाईपनं पाणी मारलं तर जोडाखाली टपटप टपकू राहिलं. मित्र म्हणे मेणबत्ती घास, घासली, तरी तेच. टेलर म्हणतो चार वेळा शिलाई मारली आता अजून काय करू. आता काय करावं?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : भाऊ, चार वेळा मारली तिथंच तर घोळ झाला ना. १० फुटाचा जोड म्हणजे १२० इंच, इंचाला १२ टाके धरले आणि चार ओळी मोजल्या तर ५७६० भोकं होतात, म्हणजे तुम्ही टार्प नाही, चाळणी शिवून घेतली. टेलरचीही चूक म्हणता येत नाही, पँटला मजबूत म्हणजे जास्त टाके हेच तो शिकला, पण कोटिंगच्या कापडाला सुईनं पाडलेलं भोक परत बुजत नाही. जवळजवळ टाके घातले की कापड पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं होतं आणि वाऱ्यात तिथूनच टरकतं.

पण थांबा, आधी जोडच गळतो का ते तर बघा. तुम्ही दोरी टार्पच्या खालून नेली आहे का? तशी नेली असेल तर टोकाकडची उघडी दोरी भिजते, पाणी दोरीतून आत येतं आणि मधे जिथं झोळ पडला तिथं टपकतं, आणि आपण बिचाऱ्या शिलाईला शिव्या घालतो. याच्यावर उपाय एकदम फुकट आहे, टार्पच्या जरा बाहेर दोरीला सुतळीचा एक तुकडा बांधून खाली लोंबता सोडायचा, पाणी तिथूनच खाली उतरतं, आत येत नाही. आता शिलाई बघायची तर टार्प पूर्ण कोरडा करून जोडाच्या आतल्या बाजूनं शिंप्याचा रंगीत खडू घासा आणि वरून हळूहळू पाणी सोडा, पाईपचा जोर नको. जिथून पाणी येतं तिथं खडू लगेच गडद दिसतो. बऱ्याचदा सगळा जोड गळत नाही, जिथं टेलरनं मागेपुढे मशीन मारून दोरा पक्का केला तेवढंच टोक गळतं.

आता बुजवायचं कसं. छत्रीच्या कापडाला आतून चंदेरी किंवा चकचकीत कोटिंग असतं, बाहेरची बाजू साधी असते. बाथरूमचे जोड भरायला हार्डवेअरच्या दुकानात जी सिलिकॉनची नळी मिळते ती कोटिंगच्या बाजूनं लावाल तर वाळल्यावर सालपटासारखी निघून येईल, तिकडं पीयूवाला (पॉलियुरेथेनचा) सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवायचं द्रावणच लागतं, ते ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्यांकडं ऑनलाईन मिळतं. सिलिकॉनच वापरायचं तर बाहेरून, साध्या बाजूनं, आणि पातळ करून, म्हणजे ते दोऱ्यात आणि भोकात मुरतं. नळीवर १००% सिलिकॉन लिहिलेलं बघून घ्या, ॲक्रिलिकवालं आणू नका, दुकानदार "सेमच आहे" म्हणतो, सेम नाही. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते चालतं. लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरणीत वजनानं एक भाग सिलिकॉन, तीन भाग रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन, थोडं थोडं घालत काडीनं ढवळायचं, आधी गुठळ्या होतात, घाबरू नका, पाच-दहा मिनिटात पातळ दह्यासारखं होतं. ३० ग्रॅम सिलिकॉन तुमच्या एका जोडाला पुरून उरेल. टार्प ताणून बांधून ठेवा आणि मगच ब्रशनं लावा, ढिल्या कापडावर लावलं तर ताणल्यावर भोकं परत उघडी पडतात. उरलेलं फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर जाड थर चिकट राहतो. एक दिवस वाळू द्या आणि घडी घालायच्या आधी वरून टाल्कम पावडरचा हात फिरवा. हे सगळं उघड्यावर करायचं, जवळ गॅस, बिडी काही नको.

फक्त त्याआधी ती मेणबत्ती काढावी लागेल हो. मेणावर काहीच चिकटत नाही. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, मग टर्पेंटाइनच्या फडक्यानं बाहेरून पुसा (आधी एका कोपऱ्यात लावून बघा), दिवसभर वाळवा, मग सिलिकॉन.

पुढच्या वेळेस नवीन शिवाल तेव्हाचं आत्ताच सांगते. कापडाचा पन्ना ५८ इंच असतो, दोन पन्ने जोडले आणि जोड, कडा दुमडल्या की हातात साडेनऊ फुटाच्या आसपासच राहतं, १० चा हट्ट धरू नका, नाहीतर अजून एक पट्टी आणि अजून एक जोड. साडेसहा मीटर कापड आणा. जोड घालायचा तो जीन्सच्या पायाला असतो तसा, दोन्ही कडा एकमेकीत दुमडून वरून दोन ओळी, बास. टाका ३ मिलिमीटरचा, इंचाला आठच. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा ओलाव्यानं कुजतो. सुई नवीन, १४ नंबर, बोथट सुई भोक पाडत नाही, फाडते. कापड धरायला टाचण्या लावू नका, टाचणी म्हणजे पण भोकच, आपले कपडे वाळत घालायचे चिमटे मस्त काम करतात. कोटिंग मशीनच्या फूटला चिकटत असेल तर फूट आणि कापडाच्या मधे वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. आणि जोड उताराला आडवा येणार असेल तर दुमड कौलासारखी हवी, वरचा पदर खालच्यावर, म्हणजे पाणी शिवणीत न घुसता वरून घसरून जातं.

आणि पाटणादेवीचा भाग गौताळा अभयारण्यात येतो, रात्री राहायचं तर वनखात्याला विचारूनच जा.

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या आजोबांच्या वेळचं जाड सुती कॅनव्हास माळ्यावर सापडलं, फाटलेलं नाही पण पाणी झिरपतं. आई म्हणते आधी तुरटी आणि साबणात भिजवायचे. हे खरं आहे का? का मेण लावू? का अळशीचं तेल?
– एक वाचिका, धुळे

उत्तर : आई बरोबर सांगते, आईला नमस्कार सांग. साबण म्हणजे तेलाचं सोडियमचं मीठ, ते पाण्यात विरघळतं. तेच धाग्यात मुरवून वरून तुरटी दिली की तुरटीतलं ॲल्युमिनियम सोडियमची जागा घेतं आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही, पाणी झटकतं. म्हणून साबण खरा तेलाचा पाहिजे, डिटर्जंटच्या वडीनं हे होणारच नाही. अर्धा किलो साबण किसून आठ लिटर गरम पाण्यात, त्यात कापड बुडवून पिळून वाळवायचं, मग पाव किलो तुरटी आठ लिटर गरम पाण्यात विरघळवून त्यात दोनेक तास ठेवायचं, न पिळता दोरीवर टाकायचं. मोठं कापड असेल तर याच हिशोबानं वाढव. कापड हलकं राहतं, हवा खेळते, पण एवढं लक्षात ठेव की याच्यानं पाणी घसरतं, साचलेलं पाणी अडत नाही, म्हणून उतार चांगला द्यायचा आणि पाऊस चालू असताना आतून हात टेकवायचा नाही, जिथं हात लागला तिथून झिरपायला लागतं. दोन-तीन पावसाळ्यांनी परत द्यावं लागेल. सुती कापडाचं एक सुख आहे, भिजलं की धागे फुगतात आणि सुईची भोकं आपोआप आवळतात, म्हणून वापरायच्या आधी एकदा पूर्ण भिजवून वाळव.

मेणाचं म्हणशील तर मेणकापड काही नवीन नाही, शब्दच आपल्या घरातला आहे. पण थंड मुलखात जे चालतं ते जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात चालेलच असं नाही. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशाला वितळतं, पॅराफिन तर बऱ्याचदा पन्नाशीतच मऊ, आणि आपल्याकडं सावलीतच ४४-४५ होतं मग पत्र्याखाली, गाडीच्या डिकीत काय होत असेल विचार कर. मी स्वतः हौसेनं एक मेणाचा टार्प केला होता, हिवाळ्यात तोरणमाळला जाऊन आले, दवाचा थेंब आत आला नाही, मी खुश. तोच मे महिन्यात डिकीत घडी करून राहिला. उघडला तर गुळाच्या चिक्कीसारखा एक ठोकळा, आणि डिकीच्या मॅटला आजही डाग आहेत. घरचे अजून टोमणे मारतात. करायचंच असेल तर मधमाशीचं मेण जास्त, पॅराफिन कमी घे आणि मार्च ते जून तो घरात, गुंडाळून, फरशीजवळ ठेव.

अळशीच्या तेलानं पण कापड पाणी अडवतं, वाळायला आठवडे जातात, वास येतो, ते सोड, पण त्याचं फडकं भयंकर. तेल हवेतला ऑक्सिजन ओढून वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं, ओलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ती उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता पेट घेऊ शकतं. आपल्या उन्हात तर नकोच. फडकी पसरून बाहेर वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची. खरं तर तू तुरटीच कर.

प्रश्न : ताई, टार्पच्या कोपऱ्यातले पितळी आयलेट (दोरी ओवायच्या रिंगा) वाऱ्यात उपटून आले, कापडासकट. मोठे आयलेट टाकू का?
– नंदुरबारहून

उत्तर : नाही रे दादा, मोठं आयलेट म्हणजे मोठं भोक. त्याच्यापेक्षा कोपऱ्यावर त्याच कापडाचे दोन थर लावा आणि खाटेची नवार असते तशी अरुंद नायलॉन पट्टी घेऊन तिचा फास शिवा, चौकोन आणि मधे फुली अशी शिलाई. ताण एका रिंगवर न येता सगळ्या पट्टीवर पसरतो. आणि पट्टी कोपऱ्याच्या तिरक्या दिशेनं, म्हणजे दोरी जिकडं ओढणार तिकडंच बसवा. कापसाच्या गाडीवर दोर आवळतात ना, फास करून त्यातून परत ओढायचा, ती गाठ टार्पला पण एकदम बरोबर, ओला झाल्यावर ढिला पडला की जागेवरून आवळता येतो. नायलॉनचं कापड भिजलं की ताणतं, पॉलिस्टर फारसं नाही. आपल्या उन्हात पण पॉलिस्टरच जास्त टिकतं, म्हणून नवीन घेताना नायलॉनच्या मागं लागू नका. आणि ट्रेकचा टार्प वर्षभर गाडीवर सावलीला बांधून ठेवता का? तुम्ही लिहिलं नाही पण मला तशी शंका आहे. पावसानं नाही, त्या उन्हानंच कापड कुजतं, आणि मग आयलेटला दोष.

प्रश्न : माझा जुना टेंट आतून चिकट झालाय आणि उलटीसारखा वास मारतो. धुऊन जाईल का?
– भुसावळ

उत्तर : नाही जाणार. आतलं पीयू कोटिंग दमट आणि गरम जागी राहून सडलं, ओला गुंडाळून माळ्यावर टाकला असणार. कापड धड असेल तर खालच्या अंथरणीला वापरा. पुढचा टेंट पूर्ण वाळवून सुती पिशवीत सैल कोंबून ठेवा, रोज त्याच घडीवर घडी नको.

प्रश्न : सिलिकॉन पातळ करायला टर्पेंटाइनऐवजी पेट्रोल चालेल का, घरात आहे.
– अमळनेर

उत्तर : नाही. आणि पेट्रोल घरात ठेवू पण नका.