परिषदेचा कस कसा पाहायचा?

प्रश्न : मी नेटवर्क सुरक्षेचं काम करते. आमची कंपनी वर्षाला एकाच परिषदेचा खर्च देते. जाहिराती सगळ्यांच्याच झगमगीत असतात. तांत्रिकदृष्ट्या कुठली परिषद कसदार आहे, हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर : यंदाची जाहिरात बाजूला ठेवा आणि त्याच परिषदेत काही वर्षांपूर्वी काय मांडलं गेलं, ते वाचा. निवड करताना मी सगळ्यात जास्त वेळ यालाच देते.

वाय-फायवरचा ‘क्रॅक’ हल्ला घ्या. मॅथी व्हॅनहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी तो २०१७ मध्ये ‘एसीएम सीसीएस’ या संगणक सुरक्षेवरच्या संशोधन परिषदेत मांडला. डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत जोडणी करताना उपकरणं आपसात संदेश पाठवून सांकेतिक किल्ली ठरवतात. या हँडशेकमध्ये चार संदेश असतात. त्यातला तिसरा पुन्हा पाठवला की समोरचं उपकरण वापरात असलेलीच किल्ली पुन्हा बसवतं आणि नॉन्स, म्हणजे एका किल्लीसोबत एकदाच वापरायचा आकडा, मूळ किमतीवर परत जातो. या हँडशेकची सुरक्षितता तर आधी गणिताने सिद्ध झालेली होती! मग हे घडलं कसं? लेखक या प्रश्नाला बगल देत नाहीत. सिद्धता खोटी नव्हती, पण किल्ली केव्हा बसवायची हे तिच्या मांडणीतच नव्हतं, असं ते दाखवून देतात. कसदार काम म्हणतात ते हे. हल्लेखोराच्या हाती काय आहे आणि काय नाही, हे अशा निबंधात स्पष्ट लिहिलेलं असतं. ज्या परिषदेचे जुने निबंध चाळून हे सापडत नाही, तिथे जाऊ नका.

पडताळणीची सोय आहे का, तेही बघा. ‘यूझनिक्स सिक्युरिटी’ या संशोधन परिषदेत २०२० पासून निबंधासोबतचा कोड आणि डेटा वेगळी समिती तपासते. त्यांचे निबंध सगळ्यांना मोफत वाचता येतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा.

मात्र विद्यापीठांच्या परिषदा तेवढ्या खऱ्या, असं मी अजिबात मानत नाही. ‘ब्लॅक हॅट’ या सुरक्षा उद्योगातल्या परिषदेत २०१५ साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी जीप गाडीवर दुरून ताबा कसा मिळवला, ते सांगितलं. त्यांच्या अहवालात गाडीच्या संगणकात उघड्या राहिलेल्या ६६६७ क्रमांकाच्या पोर्टपासून (नेटवर्कवरून आत येण्याच्या दारापासून) सगळा मार्ग दिला आहे. कंपनीने सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. फक्त अशा परिषदांमध्ये प्रायोजकांची सत्रं वेगळी असतात. वेळापत्रकात ती खूण बघा आणि ती सत्रं खुशाल गाळा.

आपणहून आलेल्या निमंत्रणांना भुलू नका. २००५ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅमकडून निरर्थक निबंध लिहवून घेतला आणि एका परिषदेने तो स्वीकारलाही होता.

एवढं करून दोन परिषदा तुल्यबळ ठरल्या, तर तुमच्या कामाशी जुळणाऱ्या निबंधांचे लेखक जिथे जास्त येणार असतील, ती निवडा. भाषणांचे व्हिडिओ बहुतेक वेळा नंतर मिळतात. लेखकाला गाठून आपल्या नेटवर्कबद्दल विचारणं मात्र तिथे गेल्यावरच जमतं. त्यामुळे निबंध आधी वाचून, प्रश्न लिहूनच जा.