पार्किंगवरून शेजाऱ्याच्या कानाखाली मारली, त्यांनी एनसी केली. आता अटक होईल का?

तुम्ही लिहिलंय की बाचाबाचीत एक थप्पड दिलीत, शेजाऱ्यांनी चौकीत एनसी केली आणि आता तुम्हाला अटकेची आणि पासपोर्टची धास्ती आहे. मी मॅजिस्ट्रेट कोर्टात फौजदारी वकिली करतो. हा प्रश्न घेऊन येणारे पक्षकार बहुतेक सोसायटीतलेच असतात.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, एफआयआर नव्हे. साध्या दुखापतीसाठी जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) आलं. एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (पूर्वी दंड हजारापर्यंत होता, म्हणजे थपडेचा भाव दसपट झाला.) गुन्हा जामीनपात्र आहे. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, वॉरंटशिवाय अटकही नाही. शेजाऱ्यांना नेट लावायचाच असेल तर वर्षाच्या आत कोर्टात खासगी फिर्याद करावी लागेल.

पण मी आधी विचारतो ते मेडिकलचं. ते सरकारी दवाखान्यात गेले होते का, सर्टिफिकेटवर काय लिहिलंय? गाल सुजला, ओठ फुटला, इथवर साधी दुखापत. दात तुटला किंवा निखळला की तीच थप्पड गंभीर दुखापत ठरते: ११७(२), सात वर्षांपर्यंत, आणि रीतसर एफआयआर. माझ्या एका पक्षकाराच्या केसमध्ये सगळं भांडण खालच्या एका दातावर अडलं होतं. उलटतपासणीत मी डॉक्टरांना विचारलं, हिरड्यांना पायोरिया होता का? त्यांनी केसपेपर उलटसुलट केला आणि म्हणाले, हो, शेजारचे दोन दातही आधीपासून हलत होते. मागे बसलेल्या फिर्यादीचा हात आपोआप तोंडावर गेला. गंभीर दुखापत टिकली नाही, पण तोवर चार वर्षं तारखा झाल्या होत्या.

तुम्हाला खरा ताप होईल तो चॅप्टर केसचा, म्हणजे पुन्हा भांडण होऊ नये म्हणून केलेल्या प्रतिबंधक कारवाईचा. पुण्या-मुंबईत एसीपींसमोर, तालुक्याला तहसीलदारांसमोर उभं करून शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतात, जास्तीत जास्त एक वर्षाचा. लोक न वाचता सही ठोकतात. त्या मुदतीत पुन्हा हात उचललात तर बाँडची रक्कम जाते, आत जायची पाळीही येऊ शकते.

पासपोर्टच्या अर्जात प्रश्न असतो तो कोर्टात प्रलंबित फौजदारी खटल्याचा, आणि नुसती एनसी म्हणजे खटला नव्हे. सरकारी नोकरीच्या साक्षांकन फॉर्मात मात्र जे विचारलंय ते खरं लिहा. किरकोळ गुन्ह्याकडे साहेब काणाडोळा करू शकतात, पण दडवादडवी केलीत तर तीच अंगाशी येते. २०१६च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सविस्तर मांडलंय.

११५(२) आपसात मिटवता येतो, कोर्टाची परवानगीही लागत नाही, आणि खटला चालू असताना मिटला तर तुम्ही निर्दोष सुटल्यासारखेच. तेव्हा सेक्रेटरींना किंवा दोघांच्या ओळखीच्या एखाद्या काकांना मध्ये घाला, एकटे त्यांच्या दारात जाऊ नका. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माफीसुद्धा टाकू नका, तिचा स्क्रीनशॉट फिर्यादीला जोडलेला मी पाहिलाय. आणि त्यांनीही खरोखर हात उचलला असेल तर तुमची एनसी आजच नोंदवा.