वाचक विचारतात : ब्लूज-गॉस्पेलची मैफल नागपुरात कशी बसवायची?

फेब्रुवारीत आमच्या मंडळाला कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताची संध्याकाळ करायची आहे. ब्लूज, थोडं गॉस्पेल (तिकडच्या चर्चमधली भक्तिगीतं), सोबत वस्तीतले भीमगीत गायक. अडीचशे लोक येतील. सुरेश भट सभागृह घ्यावं का? (इंदोरा)

नका घेऊ. रेशीमबागचं ते सभागृह दोन हजारांच्या आसपास माणसांचं आहे, अडीचशे तिथे विखुरतात. या संगीतात गायकाने ओळ टाकायची आणि समोरच्यांनी उचलायची असते. लोक एकमेकांना ऐकू आले नाहीत तर दुसऱ्या गाण्यालाच गप्प बसतात, आणि मग आवाज कितीही वाढवला तरी उपयोग नाही. समाजभवन किंवा शाळेचा हॉल बघा. मंच दीड फुटाहून उंच नको, खुर्च्या अर्धगोलात, पहिली रांग मंचापासून सहा ते आठ फुटांवर. प्रेक्षकांतले दिवे पूर्ण मालवू नका. गायकाला चेहरे दिसायला हवेत.

अशा हॉलची खोड म्हणजे घुमणं. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. तिची शेपटी सेकंदभर रेंगाळली तर मागच्या भिंतीवर मांडववाल्याचे जाड पडदे लावा आणि ड्रमखाली दुहेरी सतरंजी टाका. लोक भरल्यावर घुमणं आणखी उतरतं, तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये घाबरून जाऊ नका.

उघड्या मैदानावर करणार असाल तर पोलीस परवानगी आधी घ्या आणि रात्री १० ला लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिघातल्या शांतता क्षेत्राचा तर विचारच सोडा.

आमचा ढोलकीवाला तयारीचा आहे, पण ब्लूज धरला की केरवाच होतो. कुठे चुकतं? (कामठी)

तो मात्रेचे दोन किंवा चार भाग करतो. ब्लूजच्या शफलमध्ये, म्हणजे त्याच्या झुलत्या ठेक्यात, मात्रेचे तीन भाग पडतात. पहिला आणि तिसरा वाजतो, मधला रिकामा. त्याला केरवा विसरून दादऱ्यातून यायला सांगा. ब्लूजचा एक बार चार मात्रांचा, प्रत्येक मात्रेचे तीन असे बारा, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं. आधी मिनिटाला ६० ते ७० मात्रांच्या संथ लयीत अर्धा तास बसवा, मग हळूहळू १२० पर्यंत न्या. उलट क्रमाने गेलात तर हात पुन्हा केरव्यावर जातो.

चौकट बारा बारची. चार बार सा (म्हणजे सा वरचा कॉर्ड), दोन बार म, दोन सा, मग एक प, एक म, शेवटचे दोन सा. गाण्यात पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात. त्यातले साधारण अडीच गायकाचे, उरलेले वाद्याच्या उत्तराचे. आपले गायक ही उरलेली जागाही भरून टाकतात. तिथे थांबायला शिकणं हीच खरी तालीम.

पेटीवाल्याने गंधार टाळलेला बरा. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लागतो. गळा आणि गिटार तिथे जातात, पेटीची पट्टी जात नाही. सा-प धरून ठेवला की पुरे.

टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपल्याकडे लोक बहुधा पहिली-तिसरी धरतात आणि सगळं गाणं कवायतीसारखं होतं. सुरू करण्यापूर्वी मिनिटभर घ्या : एक-तीनला पाय, दोन-चारला टाळी. पाय जमला की टाळी आपोआप जागेवर पडते.

लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेटवाले घेता येतील का? (महाल)

जरूर घ्या, पण पट्टी आधी ठरवा. गिटारवाले ‘ई’ किंवा ‘ए’ मागतील, म्हणजे पांढरी तीन किंवा सहा. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर ‘ई’ वाजवायची तर सहा तीव्र सुरांची पट्टी होते आणि बोटं अडखळतात. तोडगा सोपा आहे. गाणं पांढरी चार किंवा काळी पाचवर घ्या, गिटारने पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावावा आणि ‘ई’ किंवा ‘ए’चेच आकार धरावेत. काळी पाच पुष्कळ गायिकांना सोयीची असते. ट्रम्पेटला माइक देऊ नका. गायकांच्या मागे दहा-बारा फूट, थोडं बाजूला उभं करा.

क्वायरमध्ये सोळा जण आहेत. साउंडवाला सोळा माइक देतो म्हणतो. (जरीपटका)

दोन पुरतील. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) येण्यापूर्वी आवाज वाढवण्याची मर्यादा ३ डेसिबलने घसरते. दोनचे सोळा केले तर ९ डेसिबल गेले. सोळा जणांना दोन रांगांत कमानीसारखं उभं करा. कंडेन्सर माइक (लांबचा आवाजही टिपणारे) पहिल्या रांगेपुढे तीन फूट, डोक्यापेक्षा दोन-तीन फूट उंच, तोंड मागच्या रांगेकडे. दोन माइकमध्ये नऊ फूट अंतर, म्हणजे गायकांपासूनच्या अंतराच्या तिप्पट. याहून जवळ ठेवले तर आवाज पोकळ येतो. या माइकना वीज लागते, म्हणून मिक्सरवर ४८ व्होल्टचं बटण चालू ठेवावं लागेल. हे माइक मॉनिटरमध्ये (गायकांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या मंचावरच्या स्पीकरमध्ये) अजिबात सोडू नका.

मुख्य गायकाला साधा डायनॅमिक माइक, मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागच्या दिशेला, म्हणजे गायकाच्या समोर. जाळी मुठीत धरू देऊ नका, तिथूनच शिट्टी सुरू होते. ‘इको’ बंद. कीबोर्ड गुणगुणत असेल तर तो आणि मिक्सर विजेच्या एकाच बोर्डावर घ्या, मग डीआय बॉक्सवर (कीबोर्ड आणि मिक्सर यांच्या मधली जोडणीची डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन कापणारा इलेक्ट्रिशियन मात्र मंचाजवळ फिरकू देऊ नका.

साउंड महिनाभर आधी ठरवा. १४ एप्रिल, गणेशोत्सव, धम्मचक्र प्रवर्तन दिन यांच्या आगेमागे चांगला संच मिळणं कठीण.

गाण्यांसाठी परवाना लागतो का? (प्रतापनगर)

हौशी संस्था विनातिकीट कार्यक्रम करत असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलं की रचनेचा परवाना घ्यावा लागतो. अपवाद जुन्या रचनांचा. आपल्याकडे मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ब्लूजचे रचनाकार डब्ल्यू. सी. हँडी १९५८ मध्ये वारले, त्यामुळे एकट्या त्यांच्या रचना २०१९ पासून इथे खुल्या आहेत. गुलामांची पारंपरिक स्पिरिच्युअल्स, म्हणजे भक्तिगीतंही खुली, पण कुणी केलेली नवी बांधणी घेतली तर तिचा हक्क वेगळा. मध्यंतरात ध्वनिमुद्रिका वाजवणं आणि व्हिडिओ इंटरनेटवर टाकणं या सुटीत बसत नाही.

जीएसटीत ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला माफी आहे.

निवेदनात काय सांगावं? (सीताबर्डी)

तीन मिनिटांच्या आत संपवा. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ च्या दलित पँथरने नाव ब्लॅक पँथर या तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलं. एवढ्यावर वस्तीतल्या माणसाला धागा सापडतो. फिस्क ज्युबिली सिंगर्स या कृष्णवर्णीय विद्यार्थी-गायकांनी आपल्या विद्यापीठासाठी निधी जमवायला १८७१ मध्ये दौरा काढला होता, तेही सांगता येईल. तोंडाला काळं फासणं, उच्चारांची नक्कल करणं सरळ बाद. ती तिकडच्या जुन्या अपमानाची रीत आहे.

जेंबे (हाताने वाजवायचा आफ्रिकी ढोल) मेमध्ये चढतो आणि फाटतो. (वाडी)

बकऱ्याचं कातडं कोरड्या उन्हात आवळतं आणि कड्याजवळ तडकतं. कार्यक्रम संपला की दोरीच्या शेवटच्या दोन-तीन गाठी सोडा आणि बंद गाडीत ठेवू नका. पावसाळ्यात त्याच गाठी पुन्हा आवळाव्या लागतील. डफासारखा जाळावर शेकू नका.