वाचकांचे प्रश्न : सोडवून आणलेला पक्षी आणि घरातली मंडळी

प्रश्न : पहिल्या घरी नीट सांभाळ होत नव्हता म्हणून सोडवलेला एक कॉकटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) आम्ही घरी आणत आहोत. घरात एक कुत्रा, एक मांजर आणि दोन बजी (लहान रंगीत पोपट) आहेत. नव्या पक्ष्याला एकटं वाटू नये म्हणून त्याचा पिंजरा पहिल्या दिवसापासून बजींच्या शेजारी ठेवला तर चालेल का?

उत्तर : नाही, अजिबात नको. नव्या पक्ष्याला निदान ३० दिवस, आणि घरात आधीपासून पक्षी आहेत म्हणून शक्य झालं तर ४५ दिवस, वेगळ्या खोलीत ठेवा. वेगळी खोली म्हणजे बंद दाराची खोली. त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात पिंजरा ठेवण्याला विलगीकरण म्हणता येणार नाही, कारण पिसांची भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ हवेतून सहज पसरते. कॉकटीलच्या अंगावर तर अशी पांढरी भुकटी भरपूर असते.

पक्षी आजार लपवतात. कळपातला अशक्त पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून अंगात बळ आहे तोवर ते निरोगीच दिसतात. सिटॅकोसिस या पोपटांच्या संसर्गजन्य आजाराचे जंतू किंवा चोच-पिसांच्या रोगाचा विषाणू अंगात असूनही पक्षी कित्येक महिने ठणठणीत दिसू शकतो. म्हणून नुसते दिवस मोजून भागत नाही. पहिल्या आठवड्यात पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या : विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि या दोन रोगांसाठी पीसीआर चाचणी. जंतू रोज बाहेर पडतातच असं नाही, त्यामुळे एकदा ‘नाही’ आलेली चाचणी विलगीकरण संपताना पुन्हा करण्याचा सल्ला मिळाला तर तो मनावर घ्या.

रोजच्या कामाचा क्रम ठरवून टाका. आधी बजींचं दाणापाणी, शेवटी नव्याचं. भांडी, फडकी, झाडू वेगळे ठेवा. त्या खोलीत जाताना वरून एक जुना सदरा चढवा, बाहेर येताना तो तिथेच ठेवा आणि हात साबणाने धुवा. पिंजऱ्याच्या तळाशी साधा वर्तमानपत्राचा कागद घाला; भुसा नको, कारण त्यावर बुरशी धरते आणि विष्ठा कशी आहे तेही दिसत नाही. कागद उचलण्याआधी त्यावर पाणी फवारा, म्हणजे धूळ उडणार नाही. सिटॅकोसिस माणसालाही होतो. त्या दिवसांत घरातल्या कुणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आला तर घरात नवा पक्षी आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. योग्य औषधाने हा आजार बरा होतो. निदानाला मात्र उशीर होतो, कारण पक्ष्याचा विषय निघतच नाही.

या काळातलं सर्वांत मोलाचं साधन म्हणजे एक ग्रॅमचा फरक दाखवणारा वजनकाटा. रोज सकाळी, पहिली विष्ठा पडल्यावर आणि दाणे देण्याआधी वजन घेऊन वहीत लिहा. बहुतेक कॉकटील ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास असतात, पण तुमच्या पक्ष्याचा आकडा त्याच्या स्वतःच्या नोंदींशीच ताडून पाहा. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ९० ग्रॅमचा पक्षी ८१ वर आला, की थांबायचं नाही. तो दाणे खाताना दिसत असला तरी त्याच दिवशी पशुवैद्य गाठायचा. पुष्कळदा पक्षी दाणे नुसते सोलत बसतो, गिळत नाही. वाटीत टरफलांचा ढीग पाहून घरच्यांना तो पोटभर जेवला असं वाटतं.

प्रश्न : आमची मांजर अगदी गरीब आहे. पिंजऱ्याजवळ शांत बसून पाहत राहते, पंजाही मारत नाही. मग काळजी कशाची?

उत्तर : त्या शांत पाहण्याचीच. मांजरीची शिकार सुरू होते ती टक लावून बसण्याने. आपल्याला ती निवांत वाटते, पण पक्ष्याला समोर रोखलेले दोन डोळे दिसतात आणि पळायला जागा नसते. असा पक्षी दांडीवर ताठ, पिसं अंगाशी घट्ट आवळून, न हलता बसतो. त्याला ‘शांत झाला’ समजू नका. तो भीतीने गोठलेला असतो. रोज तासभर हे चाललं तर त्याचं खाणं कमी होतं, झोप तुटते आणि पुढे काही पक्षी स्वतःची पिसं उपटू लागतात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात आणि अंग चाटताना ते नखांवरही जातात. पक्ष्याला एवढासा ओरखडा पुरतो. हे जंतू रक्तात उतरले तर पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो. ‘रक्त आलं नाही, उडतोय की’ म्हणून वाट पाहणं हीच इथली सर्वांत मोठी चूक. मांजरीचा दात किंवा नख लागल्याची नुसती शंका आली तरी काही तासांच्या आत पशुवैद्याकडे जाऊन प्रतिजैविक सुरू करायला हवं. जाईपर्यंत पक्ष्याला हवेसाठी भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात आणि उबेत ठेवा. तोंडात बळेच पाणी घालू नका.

म्हणून मांजर आणि पक्षी यांची ‘ओळख’ करून द्यायची गरज नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पक्ष्याच्या खोलीचं दार बंद ठेवा, आणि माणसं घरात नसताना तर त्याला दुसरा पर्यायच नाही. पिंजरा तुमच्या छातीच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला टेकवून, न डळमळणाऱ्या पायांवर ठेवा; जवळ कपाट किंवा खुर्ची अशी उडी मारायची जागा नको. कॉकटीलसाठी दोन गजांमध्ये १२ ते १६ मिलिमीटर अंतर ठीक, पण त्यातूनही मांजरीच्या पंजाची टोकं आत जातात, म्हणून बसायच्या दांड्या गजांपासून हातभर नाही तरी वीतभर आत असाव्यात. वर सरकणाऱ्या दारांना छोटा चाप लावा, ती दारं पक्षी स्वतःच चोचीने उचलतो. मांजरीला पिसवांसाठी फवारा मारायचा असेल तर पक्ष्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत मारा. पक्ष्यांची फुप्फुसं अशा फवाऱ्यांपुढे टिकत नाहीत.

प्रश्न : आणि कुत्र्याचं काय? तोही लांबच ठेवायचा?

उत्तर : कुत्र्याला शिकवता येतं, म्हणून इथे थोडी आशा आहे. विलगीकरण संपल्यावर आणि पक्षी तुमच्यासमोर निर्धास्त खाऊ लागल्यावरच सुरुवात करा. पक्षी बंद पिंजऱ्यात, कुत्रा पट्ट्याने बांधलेला, फिरून दमून आलेला. कुत्रा पक्ष्याकडे पाहतो आणि तुम्ही हाक मारताच मान वळवून तुमच्याकडे येतो, एवढं अंतर शोधा. ते पाच मीटर असेल, नाहीतर दाराबाहेरही असेल. मान वळवली की लगेच खाऊ. तीन ते पाच मिनिटं झाली की संपवा. दुसऱ्या दिवशी तेच. सलग काही दिवस जमलं तर अर्धा मीटर पुढे.

अंग ताठ, तोंड मिटलेलं, डोळे खिळलेले, हाक ऐकूच न येणं किंवा बारीक थरथर आणि कुंकूं दिसलं की अंतर फार कमी झालंय असं समजा आणि मागे जा. रागवू नका, रागावल्याने पक्षी आणि शिक्षा यांची सांगड त्याच्या मनात बसते. इथे घाई नडते ती एकाच ठिकाणी : आठ दिवस सगळं छान झालं म्हणून नवव्या दिवशी पट्टा सोडला जातो, पक्षी फडफडतो आणि त्या हालचालीने कुत्र्यातला पाठलाग जागा होतो. शांत बसलेला पक्षी सहन करणारा कुत्रा उडणारा पक्षीही सहन करेलच असं नाही. पक्षी पिंजऱ्याबाहेर असताना कुत्रा खोलीबाहेर, हा नियम कायमचा.

प्रश्न : ४५ दिवसांनंतर कॉकटील आणि बजी एका पिंजऱ्यात राहतील?

उत्तर : वेगळे पिंजरे ठेवा. आधी दोन पिंजरे खोलीच्या दोन टोकांना, मग आठवड्याभरात हळूहळू जवळ, पण चोच पोचणार नाही इतके लांब. मग त्यांना बाहेर एकत्र सोडा, दोन वेगळ्या जागी दाणे ठेवून आणि समोर बसून. कॉकटील अंगाने मोठा असला तरी स्वभावाने मवाळ असतो. बजीच त्याची शेपटी ओढतात आणि पायाची बोटं चावतात. जाता जाता : बजींना पुष्कळ जण ‘लव्हबर्ड’ म्हणतात. तुमच्याकडे खरे लव्हबर्ड असतील, म्हणजे आखूड शेपटीचे आणि जाड चोचीचे, तर त्यांना कॉकटीलबरोबर बाहेरही सोडू नका. त्यांच्या चाव्याने बोट तुटू शकतं.

प्रश्न : सोडवून आणलेला पक्षी फक्त सूर्यफुलाचे दाणे खातो. लगेच बंद करू का?

उत्तर : एकदम बंद केले तर तो उपाशी राहील, नवं अन्न हे अन्न आहे, हेच त्याला कळत नाही. पहिले दोन आठवडे जे खातो तेच द्या. मग मिश्र दाणे वाढवत न्या, सकाळच्या भुकेच्या वेळी बारीक चिरलेली पालेभाजी ठेवा, आणि वजनाची वही डोळ्यासमोर असू द्या. बदलाला महिना-दोन महिने लागतात. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, लसूण, चहा-कॉफी कधीच नको.

प्रश्न : मासे आणि ससा यांचा काही त्रास?

उत्तर : मत्स्यटाकीला झाकण हवं, पक्षी पाण्यात पडला तर बाहेर येऊ शकत नाही. सशाच्या गवताची धूळ पक्ष्यापासून लांब ठेवा.

प्रश्न : तीन महिने झाले. रात्री दोन वाजता पक्षी पिंजऱ्यात वेड्यासारखा फडफडतो, सकाळी पिसं तुटलेली दिसतात. मांजरीमुळे असेल का?

उत्तर : असू शकतं, पण कॉकटीलमध्ये अंधारात दचकून असं फडफडणं तसंही नेहमीचं. एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवा, पिंजऱ्याची एक बाजू उघडी ठेवून बाकी कापड टाका आणि सलग १० ते १२ तास झोप मिळेल असं पाहा. फडफड सुरू झाली तर आधी खोलीतला मोठा दिवा लावा, मग हळू आवाजात बोला. हात आत घालू नका. पक्षी दांडीवर स्थिरावला की पंखाखालून रक्त येतंय का ते पाहा. नवं फुटणारं पीस मोडलं तर रक्त लवकर थांबत नाही. स्वच्छ कापसाने दाब देऊन पाच मिनिटांत थांबलं नाही तर पशुवैद्याला फोन करा. मग तीन-चार रात्री मांजर घराच्या दुसऱ्या टोकाला, बंद दाराआड झोपवून पाहा. फडफड थांबली तर कारण सापडलं. मांजर दाराखालच्या फटीशी येऊन बसत असणार, ती फट जाड टॉवेलने बुजवा.