आधी मनीचं बोलू, मग नीटचं

प्रश्न : मुलीने यंदा बारावी सायन्स करून नीट दिली. प्राण्यांची आवड आहे, म्हणून पशुवैद्यक करावं असं आम्हाला वाटतं. ती म्हणते, प्राण्यांचा छळ आणि घरातली मारहाण यांचा संबंध शिकायचाय. हे कसलं करिअर? तशी ऐकते, अभ्यासाला बसली नाही की आमच्या मांजरीबद्दल 'मनीला बाजारात सोडून येईन' म्हणतो, लगेच बसते. तिला समजवा. – एक वडील, सातारा

उत्तर : मनीबद्दलचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तिथेच अडकले. मुलगी जे शिकू म्हणतेय, त्याची सुरुवातच इथे होते: माणसाला नमवायचं तर त्याचा जीव ज्या प्राण्यात अडकलाय, त्याला वेठीला धरायचं. अमेरिकेत युटा राज्यात, मारहाणीमुळे घर सोडलेल्या बायकांच्या निवारागृहात मानसशास्त्रज्ञ फ्रँक अॅसिओन यांनी 38 बायकांशी बोलून 1998 मध्ये अभ्यास मांडला. प्राणी पाळलेल्यांपैकी 71 टक्के जणींच्या जोडीदाराने त्या प्राण्याला इजा केली होती, नाहीतर तशी धमकी दिली होती. मुक्या जीवाचं मागे काय होईल, या धास्तीने काहींचं घर सोडणं लांबलं होतं.

तुम्हाला मी त्या पुरुषांच्या रांगेत बसवत नाही. पण मुलगी बसते ती धाकाने, आणि कान मनीच्या आवाजाकडे ठेवून. हे आजच थांबवा. 'मनी कुठेही जाणार नाही' हे तुमच्या तोंडून तिला ऐकू द्या.

एक गैरसमज मात्र तिचाही असू शकतो: लहानपणी प्राणी छळणारा मोठेपणी माणसांवर उठतो. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात समाजशास्त्रज्ञ आर्नल्ड आर्ल्यूक आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांना छळणाऱ्या 153 जणांच्या नोंदी त्यांच्याच 153 शेजाऱ्यांशी ताडून पाहिल्या (1999). छळणाऱ्यांच्या नावावर हिंसेचे गुन्हे जास्त निघाले, पण आधी प्राणी, मग माणूस असा क्रम काही सापडला नाही. म्हणून हा विषय 'भावी खुनी ओळखा' असा नाही. घरात कुणाची सत्ता कुणावर चालते, ते तो तपासतो.

वाट सरळ आहे: समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रात बीए, मग एमए किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी); मुंबईच्या 'टिस'साठी (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा. संख्याशास्त्र टाळू नये. आणि प्रश्न विचारायला शिकावं. 'घरात पाळीव प्राणी आहे का?' एवढंच विचारलं, तर गावाकडची बाई 'नाही' म्हणेल, आणि तिच्या नावची शेळी नवऱ्याने रागाच्या भरात विकली ती नोंदीत येणारच नाही. 'दावणीला काय आहे, खुराड्यात काय आहे, त्याला कुणी कधी मारलं का, विकायची धमकी दिली का' असं एकेक विचारावं लागतं, तेही नवरा समोर नसताना.

पशुवैद्यकही या कामाला परकं नाही. एकाच कुत्र्याच्या एक्स-रेत जुनी-नवी फ्रॅक्चर दिसली, तर पहिली शंका डॉक्टरलाच येते. पण त्या पदवीची साडेपाच वर्षं तिने स्वतः मागितली तरच. फॉर्म तिला भरू द्या.