भकाळीतून की पोटाखालून?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, गाव कागल तालुक्यात. दिवाळीत डॉक्टरांनी आमच्या गाईच्या पोटातून घमेलंभर प्लास्टिक काढलं. गाय उभीच होती, छेद डाव्या कुशीवर. राजारामपुरीत मामांच्या कुत्रीची नसबंदी झाली तेव्हा मात्र तिला उताणी झोपवून पोटाच्या मधोमध कापलं. असं का? मला जनावरांची सर्जन व्हायचंय. वडील म्हणतात, हे पोरींचं काम नव्हे.

उत्तर : पोरी, कटऑफ सोडून छेद कुठं घेतला हे विचारणारं पत्र मला क्वचितच येतं. तेव्हा आधी तेच.

गाईचं कोटीपोट, म्हणजे चारा साठवणारं सगळ्यांत मोठं पोट, डाव्या भकाळीला (कुशीतल्या खळग्याला) लागून असतं. तिथून कापलं की हात थेट त्याच्यावर पडतो, आणि ते एवढं अवाढव्य की आतडी बाहेर येऊ देत नाही. दुखणं आतड्याचं असेल तर तीच गाय बहुधा उजवीकडून उघडतात. आडवी पाडली तर पोट फुगतं, आतलं पाणी घशाशी येऊन फुफ्फुसात जायची भीती असते. म्हणून कण्याजवळच्या नसा इंजेक्शननं बधिर करायच्या आणि उभ्यानंच काम उरकायचं. खालून छेद घेतला असता तर सगळ्या पोटाचा भार टाक्यांवर आला असता. कुत्रीला तेवढं वजन नाही. शिवाय तिच्या पोटाच्या मधोमध लिनिया अल्बा ही पांढरी पट्टी असते. तिथं स्नायू कापावा लागत नाही, रक्त कमी जातं आणि एकाच छेदातून दोन्ही अंडाशय हाताला लागतात. भटक्या कुत्र्यांत मात्र काही डॉक्टर कुशीतूनच करतात, टाके लांबूनही दिसतात म्हणून.

आता वडलांचं. मी नोकरीभर हेच काम केलं. जाळीपोटातली, म्हणजे कोटीपोटाच्या पुढच्या लहान पोटातली, गिळलेली तार शोधताना आखूड हाताला त्रास होतो, हे खरं. माझाही हात आखूडच. कोटीपोट उपसून खांद्यापर्यंत आत जायचो. त्यात बाई-पुरुष काही नसतं.

वाट सांगतो. बारावीला जीवशास्त्र हवं, मग 'नीट' ही प्रवेश परीक्षा. बी.व्ही.एस्सी. ही जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. आपल्याला जवळचं कॉलेज महामार्गावरच्या शिरवळचं, मुंबईत परळचं, ते तर 1886 पासूनचं. सर्जरी हा विषय त्यापुढच्या एम.व्ही.एस्सी.ला घ्यायचा, आणखी दोन वर्षं. मात्र आपल्याकडं प्रॅक्टिस म्हणजे रोजचा माज, गाभण तपासणी, कासदाह. पोट उघडायची वेळ अधूनमधून येते, आणि ती बऱ्याचदा रात्री दोनला, अडलेल्या म्हशीपाशी. फक्त ऑपरेशनच करायचं असेल तर शहरात कुत्र्या-मांजरांकडं जावं लागेल, नाहीतर कॉलेजात शिकवावं लागेल. हे आत्ताच ठरवू नकोस.

परीक्षा झाली की त्याच डॉक्टरांना विचारून चार दिवस त्यांच्याबरोबर गोठे फिर. वडलांनाही सोबत ने, गाय धरायला माणूस लागतोच.