धावपळीत शांती कुठून आणायची? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात पोरांचा अभ्यास, लग्नं जमत नाहीत, शेजाऱ्यांशी भांडण हे नेहमीचे प्रश्न जवळपास आलेच नाहीत, बहुतेकांनी एकच लिहिलंय की वेळ पुरत नाही आणि देवासमोर बसलं तरी डोकं चालूच राहतं. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतेय, नावं नेहमीसारखी गाळलीत.

प्रश्न : ताई सलाम. मी विरारला राहते, ऑफिस बीकेसीला. सकाळी सातच्या आत लोकल पकडायची, घरी यायला साडेआठ, दोन मुलं, त्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पहाटे पाचला उठून बायबल वाचायचं असं दर जानेवारीत ठरवते आणि तिसऱ्या पुस्तकापर्यंत, लेवीयपर्यंत आले की बंद पडतं. ॲप रोज आठवण करतं, आता त्या नोटिफिकेशनचीच धडकी भरते. शांती मिळावी म्हणून जे करायचं त्याचंच टेन्शन आलंय.

उत्तर : आधी ते नोटिफिकेशन बंद करा, मग पुढचं वाचा. खरंच. आणि लेवीयमध्ये अडकणाऱ्या तुम्ही एकट्या नाही हो, यज्ञबलींचे नियम लोकलमध्ये एका हातानं दांडी धरून वाचायचे म्हणजे चेष्टा नाही.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढा. शिष्य गावोगाव फिरून आलेत, माणसांची इतकी ये-जा की जेवायलाही सवड नाही, तेव्हा येशू त्यांना म्हणतो, "तुम्ही रानात एकान्ती चला आणि थोडा विसावा घ्या." इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं, उपदेशात पण इथंच थांबतात. पुढं काय होतं बघा, हे सगळे होडीत बसून निघतात, लोक ते बघतात आणि काठाकाठानं पळत जाऊन त्यांच्या आधी तिथं हजर! म्हणजे सुट्टी सुरू व्हायच्या आधीच संपली. येशू वैतागत नाही, त्याला त्यांचा कळवळा येतो, दिवसभर शिकवतो, संध्याकाळी पाच भाकरी आणि दोन मासे, पाच हजार पुरुषांचं जेवण, ते सगळं उरकतं. आणि मग तो स्वतः शिष्यांना होडीतून पुढं पाठवतो, लोकांना घरी पाठवतो आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला जातो. ठरवलेली वेळ हुकली म्हणून त्यानं तो एकांत सोडून नाही दिला, रात्री घेतला. पहिल्या अध्यायात तो पहाटे अंधारात उठून गेला होता तेव्हाही शिमोन आणि बाकीचे शोधत आलेच होते, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणून. प्रभूचा पहाटेचा वेळसुद्धा कुणी सुखानं राहू दिला नाही तर तुमचा काय राहणार?

आणि पहाट म्हणजे काही आज्ञा नाही. बायबलमधला दानिएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, येशूचा शिष्य पेत्र भर दुपारी बाराच्या सुमारास घराच्या गच्चीवर प्रार्थनेला गेला, पोटात भूक लागलेली असताना. कॅथलिक चर्चमध्ये सकाळ, दुपार, संध्याकाळ अँजेलस नावाच्या छोट्या प्रार्थनेची घंटा होते, ती पण हातातलं काम मिनिटभर थांबवण्यासाठीच. तुम्ही कुठल्या पंथाच्या ते लिहिलं नाही, पण दुपारी बाराला मिनिटभर थांबायला पंथ लागत नाही, डेस्कवर बसूनच "प्रभू, मी इथं आहे" एवढं म्हटलं तरी चालतं.

ब्रदर लॉरेन्स म्हणून एक होते, १७व्या शतकातले, पॅरिसच्या कार्मेलाइट मठात. आधी शिपाई होते, लढाईत पाय अधू झाला, मठात आले तर वाट्याला आलं स्वयंपाकघर, ज्याचा त्यांना मुळातच तिटकारा. तिथंच वर्षानुवर्षं राबले, नंतर मठातल्या लोकांच्या चपला दुरुस्त करायचे, १६९१ मध्ये वारले. त्यांचं म्हणणं असं की स्वयंपाकघरात खडखडाट चाललाय, चार जण एकदम चार गोष्टी मागताहेत, त्या वेळीही देव माझ्या तेवढाच जवळ असतो जेवढा गुडघे टेकल्यावर. ऐकायला छान वाटतं म्हणून हे वाक्य सगळे सांगतात, पण त्यांनीच असंही लिहून ठेवलंय की पहिली दहा वर्षं भयंकर त्रासाची गेली. तेव्हा पंधरा दिवसांत जमत नाही म्हणून रडू नका.

आता तुमच्यापुरतं. वर्षात अख्खं बायबल हा बेत सोडा. बायबलमधलं स्तोत्र १३१ घ्या, तीनच ओळी आहेत म्हणा ना, आईच्या कुशीत शांत झालेल्या बाळासारखा माझा जीव आहे असं त्यात आहे. पाठ करा. बोरिवली येईपर्यंत तेवढंच मनात घोळवा, फोन बॅगेत. त्यानंतर डोळा लागला तर लागू द्या, स्तोत्र १२७ मध्ये पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्यांना काय म्हटलंय ते एकदा बघाच.

आणि हो, एवढ्या मोठ्या पत्रात नवऱ्याचा उल्लेखच नाही. घरात असतील तर सासूबाईंची औषधं आणि एका वेळचा स्वयंपाक त्यांच्याकडे द्या. नुसती प्रार्थना वाढवून हा प्रश्न सुटणारा नाही.

प्रश्न : मी पुण्यात आयसीयूला नर्स आहे, नाइट जास्त लागतात. ड्युटीवर पेशंट गेला की घरी येऊन झोपले तरी तोच चेहरा. प्रार्थनेला बसते तर शब्दच फुटत नाहीत, कुणी ऐकतंय असं वाटतही नाही. मैत्रीण म्हणते तुझा विश्वास कमी पडतोय.

उत्तर : मैत्रिणीला सांगा, बायबलमधल्या पहिले राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय वाच. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून आलेला एलिया संदेष्टा जीव घेऊन रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला विश्वासावर लेक्चर देत नाही. देवदूत येतो, उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू, खा म्हणतो. तो खातो, परत झोपतो. परत उठवून परत खायला. मग प्रवास, मग होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि सगळ्यात शेवटी तो हळू, मंद आवाज. आधी भाकर आणि झोप, आवाज नंतर. त्यामुळं रात्रभर जागून आल्यावर प्रार्थनेला बसायचंच नाही, काहीतरी गरम खायचं, पडदे ओढायचे, झोपायचं.

शब्द फुटत नाहीत तर उसने घ्या, स्तोत्रं त्यासाठीच आहेत. १३वं स्तोत्र "कोठवर?" असं विचारतच सुरू होतं. ८८वं तर काळोखातच संपतं, शेवटी गोड काही नाही, आणि तरी ते बायबलमध्ये ठेवलंय. ज्यानं कुणी ते लिहिलं त्याचा विश्वास कमी होता असं मला तरी म्हणवत नाही.

ड्युटीवर लांब प्रार्थना शक्य नसते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये एक छोटी प्रार्थना शतकानुशतकं चालत आलीय, "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." लूकच्या १८व्या अध्यायात मंदिरात लांब उभा राहून छाती बडवणारा जकातदार आणि यरीहोच्या रस्त्यावर ओरडणारा आंधळा भिकारी, या दोघांचे बोल त्यात मिसळलेत. श्वासाबरोबर म्हणायची, एका बेडवरून दुसऱ्या बेडकडे जाताना सॅनिटायझर चोळता तेवढ्या वेळात होते. (वारकरी घरातनं आलेल्यांना हे नामस्मरणासारखं वाटेल, वाटू द्या की.) आणि सकाळी तुम्ही डे शिफ्टच्या सिस्टरला बेडवार हँडओव्हर देता ना, तसाच एक जिना उतरताना देवाला द्या, चार नंबरचे काका, सात नंबरची बाई, आणि रात्री जो गेला तो पण, नाव घेऊन. मग गेटच्या बाहेर पडा.

पण सुट्टीच्या दिवशीही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, रडू आवरत नसेल तर डॉक्टरकडे जा, मानसोपचारवाल्या. तुम्ही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या प्रेषित पौलाबरोबरचा लूक वैद्य होता, पौलानं त्याला प्रिय वैद्य म्हटलंय, त्याला काय रोज नुसती प्रार्थना कर म्हणून बाजूला नव्हतं बसवलं.

प्रश्न : अहिल्यानगरहून लिहितोय. नोकरी सांभाळून चर्चचा सेक्रेटरी आहे. शनिवारी क्वायर प्रॅक्टिस, रविवारी संडेस्कूल, उपासना, लगेच कमिटी मीटिंग, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी कॉटेज मीटिंग, डिसेंबरात तर विचारूच नका. खोटं कशाला बोलू, सोमवारी ऑफिसला गेलं की बरं वाटतं.

उत्तर : हसू आलं वाचून, पण गंमत नाहीये. आपल्याकडं जो जास्त धावतो तो जास्त भाविक असं होऊन बसलंय आणि ते मला अजिबात पटत नाही. मार्था-मरीयेची गोष्ट घ्या, येशू घरी आलेला, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली आणि बहीण मार्था कामात बुडालेली, तेव्हा तो म्हणतो, "मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस", यावर वेदीवरून अर्धा तास उपदेश होतो आणि तो संपला की त्याच बायका उठून सगळ्या मंडळीचा चहा करतात!

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा १८वा अध्याय वाचून कमिटीत ठेवा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसलाय, सासरा इथ्रो भेटायला येतो, बघतो आणि तोंडावर सांगतो, हे काही बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. इथ्रो मिद्यानी, बाहेरचा माणूस, तरी मोशे त्याचं ऐकतो. आपल्याकडं बाहेरच्यानं असं काही सुचवलं असतं तर वर्षभर मीटिंगा झाल्या असत्या.

केडगावच्या मुक्ती मिशनचं पण बघा. १८९६-९७च्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली-बायका आणल्या, शेती, विणकाम, छापखाना सगळं उभं राहिलं, आणि त्यातच बाई हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, १९२२ मध्ये वारल्या त्याच्या थोडं आधी ते काम हातावेगळं केलं. एकट्यानं सगळं ओढून हे झालं नसतं, तिथल्या बायकाच कामं शिकल्या आणि त्यांनीच ती चालवली. तुमच्या क्वायरमधल्या कॉलेजच्या पोरांना कॉटेज मीटिंगची यादी करता येत नाही का? व्हॉट्सॲप ग्रुप तर तेच चालवतात.

दोन कामं सोडा, कुठली ते घरी बायकोला विचारा. आणि शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची आज्ञा बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात नीट वाचा, त्यात दास-दासी आणि बैल-गाढवालाही विसावा सांगितलाय, सेक्रेटरी वगळून असं कुठंही म्हटलेलं नाही. रविवार कामाचाच राहणार असेल तर आठवड्यातली दुसरी एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि त्या दिवशी चर्चचे फोन घेऊ नका.

प्रश्न : वसईहून आजी लिहिते. आमच्यात रोज संध्याकाळी सगळे एकत्र बसून रोझरी म्हणायचे. आता सून लॅपटॉपवर, नातू मोबाइलवर. घरात शांती कशी राहील?

उत्तर : आजी, रोझरीची पाच दशकं म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, त्यांच्याऐवजी एकच म्हणा, एक आमच्या स्वर्गातील बापा, दहा नमो मरिया आणि गौरव, पाच मिनिटांत होतं, नातूही तेवढा बसेल आणि त्याला सुरुवात करायला सांगितलं तर नक्की बसेल. सुनेचं म्हणाल तर ती लॅपटॉपवर खेळत नाहीये, तिचं ऑफिस संपलेलं नसतं. आठवड्यातून एक-दोनदा नातवाचा गृहपाठ तुम्ही आणि आजोबांनी घ्या, तिला म्हणा जा गं, चर्चमध्ये जाऊन बसून ये. बोलून दाखवण्यापेक्षा हे करून बघा.

प्रश्न : मी ख्रिश्चन नाही, डोंबिवलीचा, ऑफिस दादरला. मित्राबरोबर एका बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये गेलो, मागच्या बाकावर बसलो, बऱ्याच दिवसांनी डोकं शांत झालं. घरी गणपती बसतो, गुरुवारी मठात जातो. असं जाणं चालतं का? कुणी धर्म बदल म्हणणार नाही ना?

उत्तर : चालतं, आणि तुम्ही एकटे नाही. माहीमच्या त्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारची नोव्हेना, म्हणजे मरियामातेची खास प्रार्थना, १९४८ पासून चालू आहे आणि तिथं निम्मे तरी लोक इतर धर्मांचे असतील असं मला दर वेळी वाटतं, दिवसभर वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना होतात, मराठीतही असते. कुणी नाव-गाव विचारत नाही. लोक मेणाचं घर, मेणाचा हात-पाय वाहतात, तुम्ही काही वाहिलंच पाहिजे असं नाही. मिस्सा म्हणजे मुख्य उपासना चालू असेल आणि सगळे रांगेनं पुढं जाऊन ख्रिस्तप्रसाद घ्यायला लागले तर तुम्ही जागेवरच बसा, तो चर्चच्या सभासदांसाठी असतो, बाकी उठा-बसायला सगळ्यांबरोबर उठलात-बसलात तरी पुरे.

मी स्वतः ख्रिस्ती आहे त्यामुळं ती शांती कुणाकडून आली याबद्दल माझं मत ठरलेलं आहे, ते लपवत नाही. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन" असं मत्तयमध्ये येशू म्हणतो, आणि त्या हाकेला लोकलनं थकून आलेला डोंबिवलीकर चालत नाही असं मी कशी म्हणू? पण मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला फॉर्म भरायला लावायचं काम माझं नाही, कुणाचंच नाही. कुणी तशी घाई केलीच तर नमस्कार करून उठा.

फक्त ऑफिस सुटल्यावर जाऊ नका, त्या वेळी आत शिरायलाच रांग असते. दादरहून माहीम दुसरंच स्टेशन आहे, जमलं तर लंच टाइममध्ये जाऊन या.